रांगेतला निवाडा

शनिवारी सामना सुटला की
हॅमिशच्या तळलेल्या माशांच्या दुकानात रांग लागते.
दार उघडलं की उत्तर समुद्राचं वारं आत,
आणि वाद बाहेर.

"पलीकडच्या बंदराचा मॅनेजर बघ," मर्डो म्हणतो,
"तीन वर्षांत दोनदा टीम वर चढवली.
आपला? शून्य-शून्य. शून्य-शून्य.
एक पेनल्टी, तीही हुकलेली. शून्य-शून्य."

"सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही," युना म्हणते,
"त्यांच्यामागे तेलकंपनी.
आपला गोलकीपर सकाळी पत्रं वाटतो."

कुणी टेकडीवरच्या क्लबचा म्हातारा काढतो:
तो ओरडतच नाही,
नुसता चष्मा पुसतो, आणि पोरं धावतात.

मागे कुणीतरी खाकरतं.
ओला कोट, मुठीत सुटे पैसे.
तोच.
"खरंय," तो म्हणतो, "म्हातारा माझ्याहून चांगला.
पलीकडचाही, बहुतेक."

कढईतलं तेल तेवढं बोलत राहतं.
मर्डोचे कान लालबुंद.
"बहुतेक म्हणजे?" तो खेकसतो,
"आपल्या मॅनेजरबद्दल बोलतोयस तू.
जरा जपून."

आणि रांग, कुणी काही न म्हणता,
एका माणसापुरती
मागे सरकते.