तेराशे पावलांवर

शाळेच्या फाटकावर बाईंनी भोपळा ठेवला,
तांबडा, वीतभर रुंद,
वर खडूने लिहिलं : सूर्य.
मग पदराच्या गाठीतून पुड्या सोडल्या
आणि टपकेबाईंनी ग्रह वाटले, शिरणीसारखे.

बुध म्हणजे खसखशीचा एक दाणा.
निहारने मूठ उघडून बघितली तेवढ्यात
वर्सोव्याच्या खाडीवरून वारा आला.
बुध संपला.
मैनाला पृथ्वी मिळाली, एक मोहरी,
तिच्या घामेजल्या तळव्याला चिकटलेली.
गुरू बोराएवढा. बोरच होतं ते.
सव्वादोनशे पावलं होईपर्यंत
प्रमोदने त्याची बी करून टाकली.

मला आला नेपच्यून,
एक कोरडा वाटाणा.
"तेराशे पावलं," बाई म्हणाल्या, "आणि तिथेच थांबायचं."

मी मोजत निघाले.
पिठाच्या गिरणीपाशी शनी उभा,
सुपारीला पत्र्याची अंगठी घालून, ऐटीत.
बर्फाच्या कारखान्याशी युरेनस
मला जीभ काढून दाखवत होता.
नंतर कोणीच नाही.
गल्ली संपली, वाळूत पाय रुतले,
वलांडीवर बोंबील, कुशीवर झोपलेल्या होड्या,
एक कुत्रा.
तेराशे.

मागे पाहिलं. सूर्य म्हणजे तांबडा ठिपका,
की कोणाचं वाळत घातलेलं लुगडं?
मध्ये टेम्पो उभा राहिला आणि तेही गेलं.

बाई म्हणाल्या होत्या,
आपल्या या गल्लीत उजेड मुंगीच्या चालीने चालेल.
होडीच्या फळीवर एक मुंगी होती.
मी तिच्याकडे बघत बसले.
हिच्या चालीने माझ्यापर्यंत यायला चार तास,
म्हणजे फाटकावर आत्ता जो सूर्य आहे
तो मला दिवेलागणीला कळणार.
घंटा झाली असेल. खिचडी वाटून झाली असेल.
मला वाटाण्याचा राग आला.
तरी मूठ सोडली नाही.

बऱ्याच वेळाने बाई आल्या, एकट्याच, चप्पल हातात घेऊन.
"अगं, पृथ्वी पडली होती डांबरावर.
सगळे गुडघ्यांवर बसून शोधत होतो."
"पुडीत मोहऱ्या होत्या की, बाई."
"होत्या," बाई म्हणाल्या.
त्यांच्या कोपराला डांबर लागलं होतं.

मग त्या माझ्याशेजारी फळीवर बसल्या.
मी विचारलं, माझ्यापुढे काय आहे?
त्यांनी समुद्राकडे बोट केलं.
"हे सगळं पाणी ओलांड. मग आफ्रिकेचा किनारा.
मग चालतच राहा, काँगोच्या जंगलापर्यंत.
तिथे कुठेतरी पुढचा भोपळा."
"आणि मधे?"
"मधे काही नाही."

मी टाचा उंचावून बघितलं.
एक होडी दिसत होती, बस.
"तिथूनही कोणी मोजत निघालं असेल, बाई?
हातात वाटाणा घेऊन?"
बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "भरती लागलीय. पाय काढ पाण्यातून."

वाटाणा त्यांनी परत मागितला नाही.