एक ओळ वर

डॉक्टर खानवेलकरांच्या प्रसूतिगृहात पोचलो
तेव्हा साडेनऊ झाले होते.
कॉम्प्युटर म्हणाला, नऊ.
भिंत म्हणाली, नऊ चाळीस.
भिंतीवरचं घड्याळ सिस्टर रोझलिन
दहा मिनिटं पुढं ठेवतात,
आयाबाईला पाणीगेटहून वेळेवर येता यावं म्हणून.

आधी मी खोका उघडला. सवय.
वेळ चुकली की पहिला संशय बॅटरीवर,
मदरबोर्डच्या कोपऱ्यातली, रुपयाएवढी,
लाइट गेली तरी अंधारात मोजत बसणारी.
काढली. मीटर लावला.
तीन व्होल्ट, ठणठणीत.
मनातल्या मनात माफी मागून परत बसवली.

मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
जिथं सगळे दिवसभर बघतात
आणि कुणीच बघत नाही.
वेळ आपोआप घ्यायची: चालू.
इंटरनेटशी जुळलेली, सेकंदाला सेकंद.
फक्त गाव दुसरं.
ताश्कंद.

यादी उघडली.
तीत बडोदं नाही. कधीच नसतं.
आम्ही राहतो चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्लीच्या ओळीत,
नाव न लागलेल्या भाडेकरूसारखे.
ताश्कंद जरा वर.
माउसचं चाक दोन-तीन खाचा जास्त फिरावं,
इतकंच वर.

"कुणी केलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

दिवाळीत विंडोज नव्यानं टाकलं होतं.
वसुबारस, संध्याकाळ,
दुकानात चार मशीन उघडी पडलेली,
खिशात बायकोचे तीन मिस्ड कॉल.
मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."
मराठीत कर्ता गाळता येतो,
केवढी सोय आहे.

तेव्हापासून संक्रांतीपर्यंत त्र्याऐंशी जन्म.
सगळे अर्धा तास आधी.
दाखले नगरपालिकेत गेलेले, लॅमिनेट झालेले,
एक तर दुबईला पोचलेला.
सिस्टरांनी कागदी वही काढली,
बोट ठेवून वाचत गेल्या.
मकवाणांची मुलगी, एकतीसची रात्र,
वहीत बारा दहा,
कॉम्प्युटरवर साडेअकरा.
भिंतीची दहा मिनिटं वजा करा,
म्हणजे ठीक बारा.
धड या वर्षाची नाही, धड त्याही.
"रडली मात्र लगेच," सिस्टर म्हणाल्या.

तक्रार केली होती माणकेश्वरांनी.
नातवाचं लग्न बदललं म्हणे,
म्हणजे पत्रिकेतलं. नातू चाळीस दिवसांचा.
डॉक्टरांनी त्यांच्या गुरुजींना फोन लावला,
स्पीकरवर.
गुरुजी आधी हसले.
"अहो, तुमचा अर्धा तास काय घेऊन बसलात?
मी तर प्रत्येकाची सदतीस मिनिटं कापतोच.
देशाची बारा वाजतात तिकडं लांब, पूर्वेला.
सूर्याला तिथून बडोद्यापर्यंत यायला
सदतीस मिनिटं लागतात.
तुमच्या मशीननं आधीच कापली,
मी परत कापली.
बिचाऱ्याची दोनदा हजामत झाली, एवढंच."

मी गप्प उभा.
म्हणजे माझी चूक
सूर्याला सात मिनिटांवर लागून होती,
आणि आता मी जे बरोबर करणार
ते त्याच्यापासून सदतीस मिनिटं लांब.

तरी केलं.
ओळ निवडली, खिडकी मिटली.
आकडे दचकले:
दहा पाचचे दहा पस्तीस.
मधला अर्धा तास या मशीनमध्ये
कधी घडलाच नाही.
नेमकी तेव्हा आतल्या खोलीत कुणीतरी कळ सोसत होती.
तिनं काही ऐकलं नसावं.

"भिंतीवरचंही लावून देऊ?" मी विचारलं.
सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.
"ते कशाला? ते चुकीचं आहे
हे सगळ्यांना माहीत आहे."

पैसे घेतले नाहीत.
डॉक्टर म्हणाल्या, "का बरं?"
मी बॅगेची चेन लावत राहिलो,
ती मधेच अडकते, नेहमीच्या जागी.
"दिवाळीतलं मीच केलं होतं,"
शेवटी म्हटलं. कर्त्यासकट.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
"बिल अजून फाइलला आहे,"
आणि हात धुवायला गेल्या.