मोड

वायोमिंगला उतरलो तेव्हा खिशात तीन वर्षांचा करार होता
आणि इंग्रजी शब्द दोन: येस आणि शीप.
तिसरा ऑरिननं दिला. कुंपणाचे खांब पुरता पुरता
हातमोजे काढून म्हणाला, ब्रेक घे.
मी इकडेतिकडे पाहिलं. काय घेऊ? कुठून?
भावानं लिमात लिहून दिलेल्या चतकोर कागदावर
ब्रेक म्हणजे मोडणं, एवढंच होतं.
मोडण्याजोगं हाताशी एकच, फावडं.
तो थर्मासातली कॉफी ओतेपर्यंत
दांडा माझ्या गुडघ्यावर आडवा झालेला.

मग तो शब्द पोरक्या कोकरासारखा मागेच लागला.
इथे पहाटे दिवस मोडतो.
माझ्या आईच्या केचुआत
उजाडणं आणि जन्मणं एकाच शब्दात राहतात,
तिला हे पत्रात कसं कळवू?
सकाळी खायचं ते उपास मोडून.
डिसेंबरात हौदावरचा बर्फ मोडायचा, कुऱ्हाडीनं.
पाहुणे गप्प बसले तर तोही बर्फ, तोही मोडायचा,
तिथे कुऱ्हाड न्यायची नसते
हे डेल्फानं सांगितलं, मी उठलो होतो तेवढ्यात.

त्यांची कोरा शाळेच्या नाटकात मधमाशी झाली.
तारेचे पंख लावून निघाली, तर आई म्हणते,
जा, पाय मोड.
सख्खी आई!
आमच्या गावात हे पंचांपुढे गेलं असतं.
पोर खिदळत गेली,
दोन्ही पायांवर परत आली, एक पंख हरवून.

लोकर गडगडली त्या वर्षी
ऑरिन वहीवर पेन्सिल आपटत बसायचा.
सारखंसारखं मोडलं तरी पुरे, म्हणायचा,
ना नफा ना तोटा.
त्याच्या पुढची पायरी, ब्रोक,
ती तो डेल्फासमोर उच्चारत नसे.

मार्चमध्ये त्यानं एक घोडी आणली.
राखी, कोवळी, डोळ्याची पांढरी कड सतत दिसणारी.
म्हणाला, सेवेरीनो, हिला मोड.
मी दोनदा विचारून घेतलं.
खुर्ची मोडली तर चुलीत जाते,
घोडी मोडली की तिच्यावर खोगीर चढतं.
कोणाच्या डोक्यातून निघाला असेल हा शब्द,
त्याची आई त्याच्याशी कशी बोलत असेल?

अकरा दिवस मी तिच्या आवारात
पालथ्या बादलीवर बसून राहिलो, तिच्याकडे पाठ करून.
कोटाच्या खिशात ओट.
वारा असा की कानातली ऐकण्याची जागा दुखायची.
बाराव्या दिवशी मागून ऊन ऊन श्वास आला
आणि तिनं खिसाच फाडला.
ऑरिननं फाटकातून विचारलं, मोडली?
मी म्हटलं, येस.
तीन वर्षांच्या करारात एक खोटं बसतं.

एप्रिलच्या वादळात मला ताप भरला.
मेंढपाळाच्या गाडीत, पत्र्याच्या छपराखाली,
डेल्फा ओली फडकी बदलत राहिली.
तिसऱ्या रात्री ती फोनवर नवऱ्याला म्हणाली,
मोडला.
मला वाटलं, मीच.
तो ताप होता.

सकाळी तिनं बातमी मोडली,
ताटात पाव मोडतात तशी, तुकड्यातुकड्यानं.
कळप गेला. कुरण जूनमध्ये जाईल.
करार कायद्यानं दुसऱ्या मालकाकडे लावू, तू काळजी करू नको.
घोडीला मात्र भाव चांगला आला,
ती मोडलेली म्हणून.

मी काही बोललो नाही.
आवाज मोडतो म्हणतात ना, तसं काहीतरी होईल असं वाटलं.

ती आवराआवर करायला लागली.
तापाआधी भिजत घातलेले मसूर
पातेल्यात तसेच राहिले होते, चार दिवस.
झाकण काढून तिनं नाक मुरडलं,
खराब झाले रे, म्हणाली,
आणि दार उघडून बर्फात ओतायला निघाली.
मी अंथरुणातून उठून पातेलं धरलं.
प्रत्येक दाण्याचं टरफल फाटलेलं,
प्रत्येकातून एक पांढरी, वाकडी शेपटी.