पावती क्रमांक ४१२

चौदा महिने झाले, लाडले मास्तर,
तुमची ढोलकी माझ्या दुकानात
खिळ्याला टांगून आहे.
पावतीवर खाली बारीक अक्षरात छापलंय :
तीस दिवसांनंतर जबाबदारी नाही.
ते वडिलांनी छापून घेतलं होतं.
त्यांच्याकडंही माळ्यावर
मेलेल्यांचे दोन तबले होतेच.

आज वाकडेवाडीहून नारायणगावची गाडी धरली.
कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट पडेल.
म्हटलं, फाडा.
खिडकीची जागा तिला दिली.

स्टँडसमोर राहुट्या लागल्यात. चैत्र आहे.
गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला आलीत,
पांढऱ्या टोप्या, घासाघीस, उसाचा रस.
तुमच्या फडाच्या राहुटीत एक पोरगा मोबाइलवर.
विचारलं, लाडले आतार मास्तरांची कबर कुठं?
कोण आतार, म्हणाला,
आता आपल्याकडं ऑक्टोपॅड आहे.
आत चहा गाळणारी बाई मात्र
किटली खाली ठेवून बाहेर आली.
पोत्यातून डोकावणाऱ्या दोरीला तिनं हात लावला
आणि न बोलता
मीना नदीकडं बोट केलं.

दगड नाही तुमच्यावर.
पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं एकशे सात,
त्यातला सात उलटा.
उशाला कुणीतरी सब्जा लावलाय,
निम्मा वाळलेला.

तुम्ही यायचात ऐन दुपारी,
कानात अत्तराचा फाया, बोटांना चिकटपट्ट्या.
"कारागीर, शाई जरा कमी घोट.
रडकी ढोलकी नको मला,
रडायला माणसं आहेत."
मग उंबऱ्यावर बसून एक थाप द्यायचात
आणि पलीकडं तांबट आळीतले ठोके थांबायचे.
सगळी आळी, एका थापेपुरती.
हातोड्या पुन्हा सुरू व्हायच्या
त्या जरा लाजल्यासारख्या.

शेवटच्या खेपेला वाजवलीच नाहीत.
करंगळी वळत नव्हती, ती तुम्ही खिशात ठेवलीत.
दोनशे रुपये आगाऊ.
कितीतरी वेळ तिला मांडीवर घेऊन बसलात,
पोराला दवाखान्यात ठेवून निघताना
बाप बसतो तसं.
मंगळवारी येतो, म्हणालात.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.

पोतं सोडलं.
पुडी नवी आहे, मास्तर, पातळ, तुम्हाला हवी तशी.
वाटेत उन्हानं चढली होती.
कड्या सारून काळी चारात आणली,
कान लावला, बोट उचललं
तर नळावरून रखवालदार म्हणाला,
इथं वाजवू नका, दादा.
रागावला नव्हता. जवळ आला, ढोलकीकडं बघत राहिला.
ओतूरच्या जत्रेत ऐकलंय मी त्यांना,
पहाट झाली तरी कुणी उठेना.
तरी नका.

बरं झालं म्हणायचं.
खरं तर मला वाजवता येत नाही.
सूर लावता येतो, एवढंच.
चाळीस वर्षं मी पहिली थाप मारतो
आणि दुसरी
ज्याच्या-त्याच्या हातात देतो.

त्याच्याच कॅननं सब्जाला पाणी घातलं.
माती आधी घेईना,
वरच्यावर थरथरत राहिलं पाणी,
मग एकदम आत गेलं.
पुडी साडेतीनशे, दोर ऐंशी, शाई शंभर,
वजा दोनशे :
हिशेब मी तोंडानं सांगितला,
आणि पावती परत घडी करून ठेवली.
'माल मिळाला' पुढची जागा
कोरीच आहे.

परतीच्या गाडीला वेगळा कंडक्टर.
त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
मीच म्हणालो,
एक फुल, एक हाफ.