मानस

रात्री पावणेअकराला मी सगळी दारं लावली
आणि किल्ली आत राहिली.
म्हणजे असं, की चोडणच्या दूध सोसायटीचा सर्व्हर
तिथल्या लाकडी कपाटात, पावतीपुस्तकांच्या खाली,
आणि मी इकडे पणजीत, मळ्यातल्या खोलीत.
फायरवॉलचा पहिलाच नियम लिहिला:
बाहेरून येणारं काहीही नको.
एंटर.
कर्सर एकदा लुकलुकला, मग तोही थिजला.

बाहेरून येणारा मीसुद्धा होतो,
हे लिहिताना सुचलं नाही.

पहाटे पाचला कॅन येतात.
कुणाचं किती लिटर, किती फॅट, किती देणं,
सगळं त्या कपाटात.

कुडचड्याच्या विशाखा तिळवेंचा नंबर
कुणीतरी कधीतरी दिलेला. भेट नाही. आजही नाही.
"आधी बावीस नंबर उघडा ठेवलात का?"
मी गप्प.
त्या हसल्या नाहीत. याची मी नोंद ठेवली आहे.
"मग जा. स्क्रीन न्या, कीबोर्ड न्या,
आतूनच उघडेल आता."
आणि लाइनवर आणखी एकाला घेतलं,
होंड्याचा बाबुसो, रात्रपाळीवर,
मागे कुठल्याशा यंत्राची घरघर.

रायबंदरची फेरी. एक स्कूटर, मी,
आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेला जुना मॉनिटर.
"कितें तें? भुरगें?" खलाशाने विचारलं.
मी हो म्हणालो. सोपं होतं ते.

सोसायटीची किल्ली इनासकडे,
आणि इनास घरी नाही, मानशीवर.
बांधावरून टॉर्चच्या उजेडात गेलो.
भरती. बाहेर खारं पाणी चढलेलं,
आत शेतं कोरडी,
मधे दोन लाकडी फळ्या, घट्ट मिटलेल्या.
"हांव कांयच करिना," इनास म्हणाला,
"खारें उदक आपणेंच दार धांपता.
सुकतेक भितरलें उदक तें उगडटा."
मग तू जागा कशाला?
"केन्ना केन्ना काठी अडकता."

कपाटापुढे स्टुलावर बसलो, फोन स्पीकरवर.
बाबुसो सांगायचा, मी टाइप करायचो,
विशाखाबाई मला परत वाचायला लावायच्या, अक्षर न् अक्षर.
वरून खाली वाचतं ते, पहिलं जुळलं की थांबतं,
म्हणून आधी बावीस, मग बाकीचं बंद.
आपणच ज्याला हाक मारली
त्याचं उत्तर मात्र आत येऊ द्यायचं.
आणि चालू करण्याआधी पाच मिनिटांचं घड्याळ लावायचं,
चुकलंच तर नियम आपोआप पुसले जातील.
"हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?"
"सांगतात की सगळ्यांना," बाबुसो म्हणाला,
"एकदा कोंडल्यावर."

मग जुनी नोंदवही उघडली.
मी दारं लावायच्या आधीची, एका दिवसाची:
एकोणीसशे बारा वेळा कुणीतरी दार वाजवलेलं.
रूट म्हणून, ॲडमिन म्हणून, टेस्ट म्हणून,
कुणी तर 'मारिया' म्हणूनही.
कुठल्या कुठल्या देशांतले पत्ते,
चोडण कुठे आहे हे ठाऊक नसलेले.
मला कुडचड्याचं घर ठाऊक नाही,
होंड्याचा चेहरा ठाऊक नाही,
आणि दोघंही या घटकेला
माझ्या सोसायटीच्या कपाटात कोपरापर्यंत.

"आता बाहेरून येऊन बघा," बाई म्हणाल्या.
व्हरांड्यात गेलो, मोबाइलच्या नेटवरून
बावीस नंबरवर टकटक केली.
त्याने नाव विचारलं.
इतक्या प्रेमाने मी माझं नाव
कुणाला कधी सांगितलं नसेल.

पैशाचं विचारायला परतलो
तर बाबुसो गेलेला, पाळी बदललेली,
आणि बाई जांभई देत म्हणाल्या,
"घड्याळ आठवणीने बंद करा हं, नाहीतर परत सगळं उघडं."
विसरलोच होतो. धावलो.

पहिला कॅन व्हरांड्यात टेकला तेव्हा
ओहोटी लागली होती.
इनास किल्ली मागायला आला,
गुडघ्यापर्यंत चिखल,
हातात एक ओली काठी.