अर्थ लागेपर्यंत

मोतालेबला झिणझिण्या आल्या त्या मंगळवारी.
पॅनल पुसत होता ओल्या फडक्यानं,
फ्रेमला बोट लागलं आणि
फडकं एकीकडे, हा एकीकडे.
आधी हसला. मग दोन दिवस चमच्यानं जेवला,
बोटं माझी वाटत नाहीत म्हणाला.

इब्रीच्या बाहेर, खल्फानच्या बागेत
चोवीस पॅनल, एक पंप, खजुराची साठेक झाडं.
मेन स्विच पाडला तरी दिवसा पॅनल जागेच असतात,
सूर्याला बटण नाही.
म्हणून आम्ही पहाटे चारला पोचलो,
बॅटरीच्या उजेडात.

हिरवी-पिवळी वायर होती तशी.
फ्रेमवरून उतरून वाळूत शिरलेली, साळसूद,
अक्षता टाकून परस्पर निघून गेलेल्या
पाहुण्यासारखी.
मीटर लावला. फ्रेम ते फ्रेम, काहीच नाही.

ॲल्युमिनियमला एक कातडी असते, न दिसणारी,
कारखान्यातच चढवतात.
नट कितीही आवळा, वरवरची ओळख ती.
दातेरी वॉशर लागतो,
दात आत रुतले पाहिजेत,
काढून पाहिलं तर चकाकता ओरखडा दिसला पाहिजे,
तेव्हा कुठे धातूला धातू भेटला म्हणायचं.

कुडाळच्या आयटीआयत भोगटे सर सांगायचे,
नागडं तांबं ॲल्युमिनियमला टेकवू नका रे,
ओल आली की एकमेकांना खातात.
मध्ये कथिल हवं.
सरांचं स्वतःच्या भावाशी बोलणं नव्हतं
बावीस वर्षं.

आणि प्रत्येक फ्रेमची फांदी वेगळी काढा मुख्य तारेवर.
याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात ओवलीत,
तर उद्या मधलं एक पॅनल उतरवलं
की पुढचे सगळे पोरके.

चोवीस फांद्या होईस्तोवर ऊन वर आलं.
जुना रॉड उपसला. हातभर निघाला.
बिलात तीन मीटर.
नवा ठोकला, पुरा, वाळूत.
मीटर म्हणाला तीनशे दहा.
ही वाळू काही धरून ठेवत नाही,
ना पाऊल, ना पाणी, ना करंट.

कुडाळात आम्ही म्हणायचो, सर, अर्थ लागत नाहीये.
सरांनी ते वाक्य कधी दुरुस्त केलं नाही.

खल्फान कहवा घेऊन आला, मीटरकडे बघितलं,
आणि कोपऱ्यातल्या वाकड्या झाडाकडे हात केला.
तिथे फलजच्या पाण्याची पाळी येते, आठ दिवसांनी.
तिच्या बुडाशी ओल तुटत नाही,
उन्हाळ्यातसुद्धा.

चाळीस पावलं चर.
कुदळ एकच, म्हणून आमचीही पाळी,
खल्फाननंही दिशदाशा खोचून घेतली.
बेंटोनाइटचं पोतं फोडलं,
भिजवून थलथलीत केलं, रॉडभोवती ओतलं.
मोतालेब म्हणाला, आमच्या बारिसालच्या चिखलासारखं आहे.
बराच वेळ हात धुतले नाहीत त्यानं.

पंपाची केबल उंदरानं कुरतडली होती,
झटक्याचं मूळ तिथं.
तीही बदलली. नाहीतर रॉड बिचारा
जन्मभर दुसऱ्याचं पाप निस्तरत बसला असता.

मीटर म्हणाला चार.
पुन्हा लावला. चार.
खल्फाननं विचारलं, चार म्हणजे चांगलं की वाईट?
म्हटलं, चांगलं. पण पाळी चुकवू नका झाडाची.

पंप सुरू केला.
मोतालेबनं हात पुढे केला, तळवा नाही, उलटी बाजू,
झटका बसला तर मूठ आवळू नये म्हणून,
मीच शिकवलेलं.
टेकवला. काढला.
परत टेकवला, या वेळी जरा जास्त वेळ.
मग न बोलता बादली उचलली.

चर बुजवून झाल्यावर ध्यानात आलं,
माझा तेराचा पाना आत राहिला,
कुडाळहून आणलेला.
खल्फान म्हणाला, खणू परत.
राहू दे म्हटलं.
ओलीत आहे.