एका विटेची भिंत

टेट उलटून महिना झाला की
हायफाँगच्या फरशांना घाम फुटतो.
कपडे वाळत नाहीत, मीठ गोळा होऊन बसतं,
माणसं भिंतीला पाठ टेकायची टाळतात.

अशाच एका संध्याकाळी पलीकडून टकटक.
"बाक, पेज कशी करतात? बीफची.
न्हिएनला ताप आहे. म्हणते, आईसारखी हवी."

ख्वे. गोदीत जहाजांना वेल्डिंग करतो.
दोन पत्र्यांत केसाएवढी फट राहू देत नाही,
पण तांदूळ किती मुठी, हे विचारायला
त्याला तिसरं वर्ष लागलं.
बायको तैवानला असते,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला भरवते.
फोनवर सांगायला लागते, चार वाक्यं होतात,
तेवढ्यात तिकडून हाक येते.

मी म्हटलं, शेगडी भिंतीशी ओढ. मी ऐकते.

मला वास येत नाही.
थर्मासच्या कारखान्यात तेवीस वर्षं काढली,
नाक तिथेच ठेवून आले.
तेव्हापासून रांधते ती कानाने.

तांदूळ दोन मुठी, चिमूटभर चिकट तांदूळ.
कोरडेच भाज.
आधी वाळू सरकल्यासारखे सरकतात,
मग काच किणकिणावी तसे.
"आता?"
नाही.
"आता?"
अरे, जहाज बुडतंय का तुझं?

मग पाणी. चर्रर्र.
मग बराच वेळ आम्ही दोघं गप्प,
मध्ये एक वीट आणि एक पातेलं.

पेज आधी बडबडते,
मग पुटपुटते,
मग नुसते उसासे टाकते, जाड, लांब लांब.
तोवर हलायचं नाही शेजारून.
तो खिमा करत होता. दोन सुऱ्या घेऊन,
जसा गंज ठोकून काढतात तसा.
हळू, मी म्हटलं, मेलेलंच आहे ते.
त्यात आलं, मिरी, माशांच्या खारवणाचा एक चमचा,
पातीच्या कांद्याचं पांढरं.
"बाक, मीठ?"
थांब, म्हटलं, सांगते.

माझ्या गॅलरीच्या पिंजऱ्यात, फुटक्या थर्मासच्या डब्यात
तिआ तो लावलंय. पान वरून हिरवं, उलटं केलं की जांभळं.
आजारी माणसाला तेच हवं.
झाडूच्या दांड्याला पिशवी बांधली,
गजांतून पलीकडे सरकवली.
पिशवी जड झाल्यासारखी वाटली, मग हलकी.

उसासे सुरू झाले तेव्हा ओरडले, आता सोड!
मांस पसरून सोड, आणि तीन श्वास ढवळू नकोस.
त्याने श्वास मोजले. मोठ्याने.
तिसरा अंमळ लांबला.

नंतर चमचा. वाडगं. फुंकर.
आणि पोरीचा बसलेला आवाज:
"आईसारखी नाही."

यावर बाप काही बोलला नाही.
मीही नाही; मी मुळी ऐकतच नव्हते
असं दाखवायला नळ सोडला.

पाऊण तासाने दारात वाडगं ठेवलेलं,
वर बशी झाकलेली,
बशीवर क्वायची अर्धी कांडी, मऊ पडलेली.
झाकण काढलं तसा चष्मा धुरकटला.
पहिल्या घासाला नाकात खोल काहीतरी झणझणलं.
वास नव्हे. मिरी. हावरटासारखी घातली होती पोराने.
तरी मी बसून राहिले,
कुणी जुन्या घराची कडी वाजवावी तशी.

मग जिभेला कळलं.
मीठ कधी, हे सांगायचं
माझंच राहून गेलं होतं.

उठले. भिंतीपाशी गेले. बोटं वळवली टकटक करायला.
पलीकडे कुणीतरी
वाडग्याचा तळ खरवडत होतं,
आणि त्या हाताला घाई नव्हती.